संगणकावर औषधं तयार होत असताना नवीन औषधांसाठी जंगलातल्या वनस्पती जपायची गरज खरंच उरली आहे का?

तुम्ही विचारलंय की आता संगणकावर रेणू आखता येतात आणि कारखान्यात हवा तो पदार्थ बनवता येतो, मग 'जंगलात उद्याची औषधं दडली आहेत' हे म्हणणं जुनं झालं नाही का? आणि झालं नसेल, तर साध्या माणसाने त्यासाठी काय करायचं?

गरज उरली आहे. मी फार्मसीच्या मुलांना फार्माकॉग्नोसी शिकवते, म्हणजे वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांचा विषय. माझं गाव आजरा तालुक्यात आहे. दहा-बारा झाडांची नावं मोजून दाखवण्यापेक्षा एकाच झाडाबद्दल नीट सांगते. ते झाड मला प्रयोगशाळेतही भेटलं आणि घरातही.

माझ्या थोरल्या काकांना मोठ्या आतड्याचा कर्करोग झाला होता आणि तो यकृतापर्यंत पोचला होता. दर पंधरा दिवसांनी केमो असायची. मी सोबतीला बसायचे. सिस्टर आधी दंडाला एक छोटं इंजेक्शन द्यायची, अॅट्रोपिनचं. मग फिकट पिवळसर औषधाची बाटली स्टँडला लागायची आणि दीड तास ठिबकत राहायची. ते औषध इरिनोटेकान. ते शरीरात जाताच पोटात मुरडा येऊन जुलाब लागू शकतात, म्हणून आधी अॅट्रोपिन. अॅट्रोपिन पहिल्यांदा मिळालं बेलाडोनातून, म्हणजे आपल्या धोतऱ्याच्या कुळातल्या झुडपातून. आणि इरिनोटेकान ज्या रेणूपासून बनतं, तो कॅम्प्टोथेसिन आमच्या घरामागच्या डोंगरात उगवतो. त्या झाडाला आमच्याकडे नरक्या म्हणतात. एका ट्रेमध्ये दोन्ही औषधं झाडांची देणगी, आणि वॉर्डात ते कुणाच्या ध्यानीमनी नाही.

काकांनी एकदा विचारलं, "ह्यात काय असतंय गं?" मी सांगितलं. ते बाटलीकडे बघत राहिले. म्हणाले, "आपल्या डोंगरातला नरक्या? कुपाला लावतोय त्यो?"

तोच. त्या बाटलीतलं मूळ द्रव्य सह्याद्रीतल्या लाकडातून आलं की चीनमधल्या झाडातून, हे लेबलवर लिहिलेलं नसतं. पण रेणू एकच.

नरक्याचं शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निमोनियाना, जुन्या पुस्तकांत मॅपिया फोइटिडा. फोइटिडा म्हणजे दुर्गंधी. पावसाळ्यात बारीक पिवळसर फुलांचे झुबके येतात आणि वाट चुकलेल्या माणसालाही वासावरून कळतं की नरक्या जवळ आहे. नाव त्यावरूनच पडलं. झाड मध्यम, लाकूड हलकं. आमच्या भागात औषध म्हणून त्याला कुणी हात लावत नसे.

आता हा रेणू सापडला कसा ते बघा, कारण तुमच्या प्रश्नाचं उत्तर इथेच आहे. अमेरिकेत १९५० च्या दशकात मन्रो वॉल नावाचे रसायनशास्त्रज्ञ कॉर्टिसोन बनवायला उपयोगी पडतील असे स्टेरॉइड झाडांत शोधत होते. कर्करोग त्यांच्या डोक्यातही नव्हता. त्यांच्याकडचे झाडांचे अर्क सहज म्हणून कर्करोगाच्या चाचणीला पाठवले गेले आणि कॅम्प्टोथेका नावाच्या एका चिनी झाडाच्या अर्काने उंदरांवर विलक्षण परिणाम दाखवला. पुढे वॉल आणि त्यांचे सहकारी मनसुख वाणी यांनी तो रेणू वेगळा काढून १९६६ साली त्याची रचना प्रसिद्ध केली. हे वाणी आपल्या नंदुरबारचे. जन्म १९२५ चा, शिक्षण मुंबई विद्यापीठात, पुढे अमेरिकेत डॉक्टरेट. याच जोडीने १९७१ साली टॅक्सॉलची, म्हणजे झाडातूनच मिळालेल्या आणखी एका कर्करोगविरोधी रेणूची, रचनाही जगापुढे मांडली. कर्करोगाच्या दोन मोठ्या औषध-कुळांच्या मुळाशी नंदुरबारचा माणूस आहे, हे आपल्या शाळेच्या पुस्तकात असायला हवं असं मला मनापासून वाटतं.

लगेच १९७२ साली गोविंदाचारी आणि विश्वनाथन या दोघांनी मुंबईत, गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रात, हाच रेणू नरक्यात दाखवून दिला. चिनी झाड आणि आपला नरक्या जवळचे नातलग नाहीत. तरीही दोघांकडे तेच अस्त्र.

पण औषध इतक्यात हाती लागलं नाही. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही. विरघळावं म्हणून त्याचा क्षार करून माणसांना दिला, तर मूत्राशयातून रक्तस्राव व्हायला लागला. १९७० च्या दशकात चाचण्या थांबल्या आणि रेणू कपाटात गेला. तो बाहेर आला १९८५ साली, जेव्हा तो पेशीत नेमकं काय करतो ते कळलं.

सुतळीचा पीळ एका टोकाकडून सोडवायला घ्या. जसजसं पुढे जाल तसतसा पुढचा पीळ घट्ट होत जातो, गाठी पडतात. पेशी विभागताना डीएनएचं असंच होतं. तेव्हा टोपोआयसोमरेज-१ नावाचं विकर (एन्झाइम) डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सैल होऊ देतं आणि धागा परत सांधतं. कॅम्प्टोथेसिन नेमकं कापणं आणि सांधणं यांच्या मधल्या क्षणी तिथे पाचरीसारखं जाऊन बसतं. सांधा होत नाही, डीएनएची नक्कल करणारी यंत्रणा त्या तुटक्या जागेवर येऊन आदळते आणि भराभर विभागणारी पेशी मरते.

या विकरावर नेम धरून कर्करोग मारता येईल, हे त्याआधी कुणाला सुचलेलं नव्हतं. रेणू आधी आला, दार नंतर दिसलं. टॅक्सॉलचंही असंच झालं. १९७९ साली सुसान हॉर्विट्झ यांनी दाखवलं की ते पेशीतल्या सूक्ष्मनलिका, म्हणजे विभागताना लागणारा पेशीचा बारीक सांगाडा, मोडत नाही, उलट गोठवून टाकतं, आणि असं वागणारं औषध तोवर कुणी पाहिलं नव्हतं. म्हणून माझं म्हणणं असं: कुलूप माहीत असेल तर किल्ली घडवायला संगणक उत्तम आहे, आणि त्या कामाबद्दल मला आदर आहे. पण भिंतीत दार आहे हेच माहीत नसताना ते दाखवून देणं, हे काम झाडांनी पुन्हा पुन्हा केलंय. कोट्यवधी वर्षं किडे, बुरशी आणि जनावरं यांच्याशी झुंजताना त्यांनी हे रेणू घडवले.

एक गोष्ट मी वर्गात सांगते तेव्हा मागच्या बाकावरची मुलंही मान वर करतात. टोपोआयसोमरेज-१ झाडातही असतं. मग नरक्यासारखी झाडं स्वतःच्या विषाने मरत कशी नाहीत? २००८ साली जपानी संशोधकांनी कॅम्प्टोथेका आणि ओफियोरायझा या वनस्पतींवर हे तपासलं. ज्या वनस्पती हा रेणू बनवतात, त्यांच्या विकरात एका ठराविक जागचं अमिनो आम्ल बदललेलं असतं, त्यामुळे पाचर बसत नाही. आणि औषधाला दाद न देणाऱ्या मानवी कर्करोगाच्या पेशींत बदल सापडला होता, तोही नेमका त्याच जागी. म्हणजे औषध पुढे कुठे निकामी होणार, त्याचंही उत्तर झाडाने देऊन ठेवलं होतं.

यंत्रणा कळल्यावर रसायनशास्त्रज्ञांनी रेणूला विरघळणारी शेपूट जोडली. इरिनोटेकान जपानमध्ये १९९४ साली वापरात आलं (ते विकसित केलं याकुल्ट कंपनीने, तीच ती दह्यासारख्या पेयाच्या छोट्या बाटल्यांची). अमेरिकेत १९९६ मध्ये इरिनोटेकान आणि त्याचं भावंड टोपोटेकान दोन्ही मंजूर झाली. रचना कळल्यापासून तीस वर्षं. आणि प्रकरण तिथेही संपलं नाही. अलीकडे स्तनाच्या कर्करोगासाठी ज्या औषधांची चर्चा असते, ज्यांत प्रतिपिंडाला (अँटिबॉडीला) विषाची कुपी बांधून ती थेट गाठीपर्यंत पोचवतात, त्यांतल्या ट्रास्टुझुमॅब डेरुक्सटेकान आणि सॅसिटुझुमॅब गोव्हिटेकान या दोन्हींमधली कुपी कॅम्प्टोथेसिनच्याच घराण्यातली आहे. मनसुख वाणी गेले एप्रिल २०२० मध्ये. त्याच महिन्यात अमेरिकेत गोव्हिटेकानला मंजुरी मिळाली.

"कारखान्यात का बनवत नाहीत?" हा तुमचा दुसरा मुद्दा. बनवता येतो. प्रयोगशाळेत तो पहिल्यांदा १९७१ सालीच बनवला गेला. पण टप्पे इतके आणि खर्च इतका की अजूनही मूळ द्रव्य मुख्यतः झाडांतूनच काढतात, आणि मग पुढची कारागिरी कारखान्यात होते.

आता आमच्या प्रयोगशाळेतली गोष्ट. काही वर्षांपूर्वी वन विभागाच्या परवानगीने आम्ही एकाच डोंगरउतारावरच्या सात नरक्यांचे नमुने आणले. खोडाचा बोटभर तुकडा, त्याची भुकटी, मिथेनॉलमध्ये अर्क. प्रत्येक अर्काचा एकेक ठिपका टीएलसीच्या, म्हणजे अर्कातली द्रव्यं वेगळी करून दाखवणाऱ्या, पट्टीवर दिला, पट्टी द्रावणात उभी केली, वाळवली आणि अंधाऱ्या खोलीत अतिनील दिव्याखाली धरली. कॅम्प्टोथेसिन त्या उजेडात निळं चमकतं. गणपतीच्या माळेतल्या निळ्या दिव्यासारखं, पण अगदी शांत. पहिला ठिपका निळा, दुसरा निळा, तिसरा जेमतेम. सातवा इतका झगझगीत की शेजारी उभी असलेली विद्यार्थिनी म्हणाली, "मॅडम, याचा ठिपका आपण दोनदा दिला का?" दिला नव्हता. पुन्हा केलं, पुन्हा तेच. यंत्रावर मोजलं तेव्हा सातव्या झाडात पहिल्याच्या चौपटीच्या आसपास द्रव्य निघालं.

एकच जात, एकच उतार, एकच पाऊस. बाहेरून सातही झाडं सारखी. बंगळूरच्या कृषी विद्यापीठातल्या संशोधकांनी पश्चिम घाटभर फिरून हा फरक मोठ्या प्रमाणावर दाखवलेला आहे, त्यामुळे आम्ही काही नवं शोधलं असं नाही. पण स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर मला जैवविविधता हा शब्द नीट कळला. आपण जाती मोजतो. इतक्या जाती आहेत, इतक्या धोक्यात आहेत. पण एका जातीच्या आतही झाडागणिक पाककृती बदलते, आणि औषधाच्या दृष्टीने मोलाचं असलेलं झाड त्यातलं एखादंच असतं. 'ही जात दुसरीकडे आहे की, इथली गेली म्हणून काय झालं' असं कुणी म्हणालं की मला तो सातवा ठिपका आठवतो.

दिवाळीनंतर आम्ही त्या झाडाचं बी आणायला गेलो. रोपं करायची होती. जागेवर खड्डा होता. नरक्याच्या मुळांतही द्रव्य भरपूर असतं, म्हणून चोरटी तोड करणारे नुसतं खोड कापून थांबत नाहीत, मुळासकट उपटतात. वरून कापलेल्या बुंध्याला पुन्हा फुटवा आला असता, खड्ड्यातून काय येणार? बाजूला शेंडा टाकून दिलेला, पानं करपलेली, आणि लाल मातीत लाकडाच्या पांढऱ्या ढलप्या पसरलेल्या. सातपैकी पाच गेली होती. आजरा, चंदगड, आंबोली, दोडामार्ग या पट्ट्यात नरक्याच्या तस्करीच्या बातम्या वरचेवर येतात, तुम्ही वाचल्या असतील. ढलप्या सुकवून पोती भरतात. तोडणाऱ्याला मजुरी मिळते ती किरकोळ, आणि बहुतेकांना या लाकडाचं पुढे काय होतं ते ठाऊकही नसतं. मला त्यांच्यावर राग धरता येत नाही. ज्यांना सगळं ठाऊक असतं, त्यांच्यावर धरते.

तुम्ही वनस्पतींचं महत्त्व मानत असाल तरी एक बाजू मी लपवणार नाही. आशा फार बेताची असते. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० पासून साधारण वीस वर्षं एक लाखाहून जास्त वनस्पती-अर्क तपासले. त्यातून रुग्णाच्या हातापर्यंत पोचलेली मोठी नावं म्हणजे टॅक्सॉल आणि कॅम्प्टोथेसिनचं घराणं. १९८१ ते २०१९ मध्ये मंजूर झालेल्या नव्या औषधांचा न्यूमन आणि क्रॅग यांनी आढावा घेतला, त्यात साधारण पाव हिस्सा औषधं निसर्गातल्या रेणूंची किंवा त्यांच्यापासून घडवलेली निघाली. पण त्यातही मातीतले सूक्ष्मजीव आले, सगळी झाडं नव्हेत. म्हणून 'प्रत्येक झाडात औषध आहे' असं मी म्हणत नाही. कशात आहे ते आधी सांगता येत नाही, एवढंच म्हणते.

परंपरेचं ज्ञान असेल तर शोध लवकर लागतो हेही खरं. सर्पगंधेच्या मुळ्या वैद्य पिढ्यान्‌पिढ्या देत होते. मुंबईचे डॉक्टर रुस्तम वकील यांनी १९४९ साली रक्तदाबाच्या रुग्णांवरचा आपला अनुभव ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. तीन वर्षांत त्यातून रेसरपिन वेगळं काढलं गेलं.

पण परंपरा सांगते तेच झाडात सापडेल असं नाही. आपल्या अंगणातली सदाफुली घ्या, मूळची मादागास्करची. साखर उतरते म्हणून कितीतरी घरांत सकाळी तिची पानं चावून खातात. मोबाइलवर तसे निरोपही फिरतात. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात हीच समजूत तपासायला घेतली, पानं आली होती जमैकातून. साखरेवर म्हणावा तसा परिणाम दिसला नाही, पण प्राण्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या. त्यातूनच व्हिनब्लास्टिन हे कर्करोगाचं औषध निघालं, आणि सदाफुलीतूनच पुढे व्हिनक्रिस्टिन, जे आजही लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिलं जातं. पांढऱ्या पेशी घटवणारी पानं तुमच्या घरी कुणी रोज उपाशीपोटी खात असेल तर कृपा करून थांबवा, आणि त्या भरवशावर साखरेच्या गोळ्या बंद केल्या असतील तर डॉक्टरांना सांगा. नरक्याचंही तेच. त्याचा काढा म्हणजे औषध नव्हे. इरिनोटेकान मिलिग्रॅममध्ये मोजून, रक्त तपासून, अॅट्रोपिन हाताशी ठेवून देतात ते उगाच नाही.

आता साध्या माणसाने काय करायचं. जैवविविधता कायदा २००२ साली आला. त्यानुसार गावोगाव जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. गावात कुठल्या वनस्पती आहेत, त्यांना लोक काय म्हणतात, कशासाठी वापरतात, हे त्यात लिहायचं. ही कागदी कटकट नाही. केरळच्या अगस्त्य डोंगरात काणी आदिवासींनी शास्त्रज्ञांना आरोग्यपच्चा नावाची वनस्पती दाखवली, त्यातून 'जीवनी' नावाचं औषध बनलं, आणि १९९५ साली ते बनवायचा परवाना दिला तेव्हा शुल्क आणि स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) निम्मा वाटा काणींसाठी ठरवला गेला. ज्ञान कुणाचं हे नोंदलेलं असेल तरच असा वाटा मागता येतो.

मी आमच्या भागातल्या एका गावाची नोंदवही मागून बघितली. कुणीतरी घाईने भरलेली होती. नरक्याच्या ओळीत उपयोगाच्या रकान्यात एकच शब्द होता: जळण. समितीतल्या लोकांना मी काकांची गोष्ट सांगितली. काका तेव्हा गेलेले होते. केमो सुरू झाल्यावर अडीच वर्षं जगले, त्यातली दोन बरी गेली, नातीचं बारसं त्यांनी बघितलं. समितीने नोंद दुरुस्त करायचं मान्य केलं आणि म्हणाले, मग बाकीचीही तुम्हीच लिहून द्या.

म्हणून गेल्या पावसाळ्यात मी धनगरवाड्यावरच्या एका आजीबरोबर दोन दिवस डोंगर फिरले. वय ऐंशीच्या घरात, पायात चप्पल नाही. वाटेतलं प्रत्येक पान चुरगळून आधी स्वतः हुंगायची, मग माझ्या नाकाला लावायची. म्हणायची, "ध्यानात ठेव, हेला नावापरास वास खरा." तिने त्रेसष्ट नावं सांगितली. एकसष्ट वनस्पती मला ओळखता आल्या. राहिलेल्या दोन ओढ्याकाठच्या वेली आहेत, तेव्हा फुलांवर नव्हत्या, आणि फूल हातात असल्याशिवाय मला खात्रीने नाव देता येत नाही. भादव्यात फुलतात असं ती म्हणाली आहे. गौरी गेल्या की मी परत जाणार आहे. तुमच्या गावची नोंदवही ग्रामपंचायतीत मिळेल. बघून या आणि काही अडलं तर इथेच विचारा.